मातीतले बारीक जीव : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

मातीतल्या एक-दोन मिलिमीटरच्या जीवांची ओळख कशी पटवायची, याबद्दल आलेल्या प्रश्नांतले काही इथे घेतले आहेत. कुंडीपासून प्रयोगशाळेपर्यंतचे प्रश्न आहेत आणि उत्तरंही त्याच क्रमाने अवघड होत जातात. ज्यांना फक्त कुंडीचं पाहायचं आहे त्यांनी पहिलं उत्तर वाचलं तरी पुरेल.

प्रश्न : गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घातलं की पांढरे बारीक किडे मातीवर तरंगून येतात. काही टुणकन उडतात, काही नुसतेच वळवळतात. ते मुळं खातात का? औषध मारावं का? (ठाणे)

उडणारे आणि वळवळणारे एकच आहेत असं धरून चालू नका. आधी पांढऱ्या बशीत थोडी माती पाण्यात कालवा आणि दहापट भिंगातून पाहा.

पाण्यावर न भिजता तरंगणारे, सहा पायांचे, उडी मारणारे ते स्प्रिंगटेल. त्यांच्या उदराच्या चौथ्या खंडाखाली दुभंगलेली शेपटी असते. ती पोटाशी दुमडून तिसऱ्या खंडावरच्या एका आकड्यात अडकवलेली असते. आकडा सुटला की शेपटी जमिनीवर आपटते आणि प्राणी वर फेकला जातो. बहुतेक स्प्रिंगटेल बुरशी आणि कुजणारा पालापाचोळा खातात, त्यामुळे औषधाची गरज नाही. ते फार झाले असतील तर कुंडीत पाणी जास्त होतंय एवढंच समजा. वरचा इंचभर थर वाळू द्या.

पण सगळे स्प्रिंगटेल उडत नाहीत. खोल मातीत राहणाऱ्या कित्येक जातींची शेपटी आखूड झालेली किंवा पार नाहीशी झालेली असते. अशा वेळी उदराच्या पहिल्या खंडाखाली असलेली जाडसर नळी पाहा. ती सर्व स्प्रिंगटेलांत असते, दुसऱ्या कोणात नसते. आमच्या मते ओळखीची सुरुवात उडीपासून नव्हे, या नळीपासून करावी.

बाकीच्यांचं थोडक्यात. पायच नाहीत आणि डोकं काळं चकचकीत आहे, तर ती कुजक्या मातीतल्या चिलटांची अळी. पाय नाहीत, डोकंही वेगळं दिसत नाही आणि अंग दोऱ्यासारखं पांढरं आहे, तर बारीक गांडूळवर्गीय कृमी. पायांच्या बारा जोड्या, लांब मिशा आणि मागच्या टोकाला दोन टोकदार उंचवटे असलेला चपळ पांढरा प्राणी म्हणजे सिम्फायला. याच्याकडे मात्र लक्ष ठेवा, कारण तो कोवळी मुळं कुरतडतो. सिम्फायलाची पिल्लं सहा-सात जोड्या घेऊन जन्मतात आणि कात टाकता टाकता जोड्या वाढवतात, म्हणून बारा भरल्या नाहीत तरी संशय सोडू नका. नऊ जोड्या आणि फाटे फुटलेल्या मिशा असतील तर तो पॉरोपोडा. तो मिलिमीटरभराचा निरुपद्रवी जीव आहे. सहा पाय आणि मागे दोन लांब शेपट्या किंवा चिमटा असेल तर डिप्लुरा.

प्रश्न : पोफळीच्या बागेतल्या पाचोळ्यातून हे जीव काढायला नरसाळ्याचं यंत्र बनवलं. तीन दिवस दिवा लावला, बाटलीत माती सोडून काहीच आलं नाही. काय चुकलं? (रत्नागिरी, महाविद्यालयीन विद्यार्थी)

पहिला संशय दिव्यावर. हे यंत्र उष्णतेवर आणि कोरडेपणावर चालतं, उजेडावर नव्हे. इटलीतल्या बर्लेझेने 1905 मध्ये गरम पाण्याचं आवरण असलेलं नरसाळं वापरलं आणि स्वीडनच्या टुलग्रेनने 1918 मध्ये त्याच्या जागी विजेचा दिवा आणला. आज बाजारात मिळणारा एलईडी बल्ब माती तापवत नाही. जुना तारेचा 25 किंवा 40 वॉटचा दिवा शोधा आणि तो मातीपासून 15 ते 20 सेंटिमीटर वर टांगा.

दुसरा संशय घाईवर. पहिल्या तासापासून पूर्ण आच दिली तर वरचा थर कडक वाळतो आणि हळू चालणारे जीव जागच्या जागी मरतात. माती वरून खाली हळूहळू वाळत गेली पाहिजे, म्हणजे ओलाव्यामागे जीव खाली सरकतात. पहिला दिवस दिव्याविना जाऊ द्या, मग दिवा उंच टांगून लावा आणि रोज थोडा खाली आणा. पाचोळ्याला तीन-चार दिवस पुरतात, मातीला पाच ते सात लागतात.

आता मांडणी. नरसाळं वरून 20 ते 25 सेंटिमीटर रुंद आणि उभ्या उताराचं हवं. पसरट नरसाळ्यात जीव भिंतीला चिकटून बसतात. आत दोन मिलिमीटर छिद्रांची जाळी बसवा आणि नमुना जाळीच्या मध्यावर ठेवा, नरसाळ्याच्या भिंतीला लागू देऊ नका. भिंतीवर दव जमतं आणि मिलिमीटरभराच्या प्राण्याला एक थेंब जीवघेणा ठरतो. मातीचा नमुना पाच सेंटिमीटर व्यासाचा आणि तितकाच खोल घ्या. तो न फोडता उलटा ठेवा, म्हणजे पृष्ठभाग खाली येईल. पृष्ठभागाकडची छिद्रं मोठी असतात आणि उलटं ठेवल्यावर त्याच वाटेने जीव बाहेर पडतात. चुरगाळलेली माती भरली तर या वाटा मोडतात आणि बाटलीत मातीच पडते. तुमच्याकडे नेमकं हेच झालं असावं.

खाली नुसतं अल्कोहोल ठेवलं तर दिव्याच्या उबेने ते उडतं आणि त्याची वाफ वर चढून येणाऱ्या जीवांना परत फिरवते. त्याऐवजी प्रोपिलिन ग्लायकॉल ठेवा आणि शेवटी जीव अल्कोहोलमध्ये हलवा.

नमुना वाफशावर घ्या. भर पावसात चिंब झालेली माती आठवडाभर वाळत नाही. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानात वरच्या पाच सेंटिमीटरमध्ये फारसं काही सापडत नाही, कारण जीव खोल गेलेले असतात किंवा अंड्यांच्या रूपात असतात. खोल मातीतले आंधळे, संथ स्प्रिंगटेल नरसाळ्यात नेहमीच कमी उतरतात. त्यांच्यासाठी साखरेचं द्रावण करा, लिटरभर द्रावणात साधारण 450 ग्रॅम साखर. त्यात माती ढवळली की जड कण तळाला बसतात आणि जीव वर येतात. ते लगेच बारीक चाळणीवर धुऊन घ्या, नाहीतर साखर त्यांच्या अंगातलं पाणी ओढून घेते आणि ते आक्रसतात. सूत्रकृमींसाठी दिव्याचं नरसाळं निरुपयोगी आहे. त्यांना पाण्याने भरलेलं बेरमानचं नरसाळं लागतं, त्यात ते कापडातून खाली उतरून तळाशी साचतात.

प्रश्न : नमुने फॉर्मलिनमध्ये ठेवले तर चालतील का? आमच्या प्रयोगशाळेत तेच असतं. (नांदेड)

जनुकं वाचायची असतील तर नाही. फॉर्मलिन डीएनए आणि प्रथिनं एकमेकांना जखडून टाकतं, नंतर ती सहज सुटत नाहीत. डीएनएसाठी 95 टक्क्यांचं किंवा त्याहून तीव्र इथाइल अल्कोहोल वापरा, पहिल्या दिवशी एकदा बदला आणि बाटली फ्रीजमध्ये ठेवा. बदलायचं कारण असं की ओल्या जीवांबरोबर आलेल्या पाण्याने अल्कोहोल पातळ होतं. तीव्र अल्कोहोलमध्ये शरीर ठिसूळ होतं, मिशा आणि पाय तुटतात. म्हणून नुसत्या शरीररचनेसाठी ठेवायचे जीव 70 ते 80 टक्क्यांत ठेवतात. दोन्ही हवं असेल तर तीव्र अल्कोहोलच घ्या आणि बाटली काठोकाठ भरा, म्हणजे आत हिंदकळणार नाही. शुद्ध अल्कोहोल राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या नियमांत येतं, ते महाविद्यालयामार्फतच मागवावं लागेल. हात धुण्याचं सॅनिटायझर वापरू नका. त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं.

चिठ्ठी बाटलीच्या आत टाका. शिसपेन्सिलीने लिहिलेली असू द्या, कारण बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. ठिकाण, अक्षांश-रेखांश, तारीख, खोली, वरची झाडी आणि नमुना घेणाऱ्याचं नाव. चिठ्ठी नसलेला नमुना कितीही सुंदर असला तरी वर्गीकरणाला निरुपयोगी आहे.

प्रश्न : एकाच कुंडीतले स्प्रिंगटेल घेऊन केस मोजतो, तर प्रत्येकात आकडा वेगळा येतो. किल्लीत (लक्षणांवरून जात ठरवायच्या तक्त्यात) दिलेल्या संख्येशी जुळतच नाही. (पुणे)

तुमचं मोजणं चुकत नसेलही. स्प्रिंगटेल प्रौढ झाल्यावरही कात टाकत राहतात आणि सुरुवातीच्या अवस्थांत प्रत्येक कातेबरोबर अंगावरचे केस वाढतात. किल्लीतली संख्या प्रौढांची असते. म्हणून आधी उदराच्या पाचव्या खंडाखाली जननछिद्र उघडलेलं आहे का ते पाहा. नसेल तर तो नमुना बाजूला ठेवा. काही जातींत नरांच्या अंगावर खास जाड केस असतात आणि किल्ली तिथे नरावरच अडते. दहा-बारा जीवांच्या काचपट्ट्या केल्याशिवाय निर्णय देऊ नका. डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी मोजा, कारण एका बाजूचा एखादा केस गळलेला असतो. गळलेल्या केसाच्या जागी खोबण राहते. ती दिसली तर केस मोजणीत धरा.

काचपट्टीची कृती सांगतो. जीव अल्कोहोलमधून काढून लॅक्टिक आम्लात ठेवा आणि 50 ते 60 अंश सेल्सिअसवर तासाभराने पाहत राहा. रंगद्रव्य आणि आतला ऐवज विरघळून त्वचा पारदर्शक झाली की थांबा. जास्त वेळ ठेवलं तर शरीर फुगून फाटतं. मग हॉयरच्या माध्यमात बसवा. त्याचं प्रमाण असं : पाणी 50 मिलिलिटर, अरबी डिंक 30 ग्रॅम, क्लोरल हायड्रेट 200 ग्रॅम, ग्लिसरीन 20 ग्रॅम. डिंक थंड पाण्यात पूर्ण विरघळू द्या, त्याला दिवसभर लागतो. मग क्लोरल हायड्रेट, शेवटी ग्लिसरीन, आणि सगळं काचलोकरीतून गाळा. उकळू नका. क्लोरल हायड्रेट गुंगी आणणारं, विषारी रसायन आहे. त्याची खरेदी आणि हाताळणी संस्थेच्या देखरेखीखालीच व्हायला हवी. पट्टी 40 ते 45 अंशांवर आठवडा-दोन आठवडे वाळवा आणि कडा लाखेने किंवा तशाच रोगणाने बंद करा. कडा बंद केली नाही तर काही वर्षांत माध्यम स्फटिक होऊन केस दिसेनासे होतात.

एक जीव पाठ वर करून बसवा, दुसरा कुशीवर. केसांचा नकाशा पाठीवरून वाचतात. शेपटीचे तीन भाग, म्हणजे बुंधा, दोन फाटे आणि टोकाच्या नख्या, कुशीवरून नीट दिसतात. पाहण्यासाठी फेज कॉन्ट्रास्टची सोय असलेला सूक्ष्मदर्शक आणि 400 ते 1000 पट मोठं करणारी भिंगं लागतात. साध्या प्रकाशात पारदर्शक त्वचेवरचा पारदर्शक केस दिसत नाही, आणि निम्म्या चुकांचं कारण हेच असतं.

मोजण्याआधी पाहायच्या गोष्टी वेगळ्या आहेत : डोक्याच्या एका बाजूला डोळ्यांचे किती मणी आहेत (जास्तीत जास्त आठ), मिशीमागचं संवेदनांग आहे का आणि त्याचा आकार काय, अंगावर खवले आहेत का, आणि त्वचेत गोल खोटे डोळे आहेत का. हे खोटे डोळे म्हणजे शत्रूला दूर ठेवणारा द्रव सोडणारी छिद्रं आहेत. ती दिसली की तुम्ही ओनिकियुरिडी किंवा त्याच्या जवळच्या टुलबर्गिडी कुळात आहात. रंग आणि खवले मात्र जिवंतपणीच टिपा. अल्कोहोलमध्ये रंग उतरतो आणि खवले झडतात.

प्रश्न : किल्लीत सहा पायांचा माइट नाही. मला मात्र सहा पायांचे माइट सतत मिळतात. (कोल्हापूर)

ती पिल्लं आहेत. माइट हा कोळ्यांच्या नात्यातला आठ पायांचा बारीक जीव, पण त्याची पहिली चालती अवस्था तीन जोड्या पायांची असते, चौथी जोडी पुढच्या कातेला येते. ओरिबाटिड गटातल्या माइटमध्ये तर पिल्लं मऊ, फिकट आणि प्रौढ कडक, तपकिरी, असा फरक असतो की दोघं एका जातीचे आहेत हे पाहून सांगता येत नाही. इथे डीएनए फार उपयोगी पडतो : पिल्लाच्या आणि प्रौढाच्या डीएनएतल्या अक्षरांचा क्रम जुळला की नातं ठरलं.

प्रश्न : एक मिलिमीटरच्या जीवाचा डीएनए काढायचा तर तो चिरडावा लागतो. मग केस कशावर मोजायचे? सध्या एकाच जातीचे दोन जीव घेऊन एक चिरडतो, एक काचपट्टीवर ठेवतो. (औरंगाबाद, एम.एस्सी.)

ही पद्धत आजच बंद करा. ते दोन जीव एकाच जातीचे आहेत, हेच तर तुम्हाला सिद्ध करायचं आहे. एकाच मूठभर मातीत दिसायला सारख्या दोन-तीन जाती सहज असतात. मग क्रम एका जातीचा आणि चित्र दुसऱ्या जातीचं, अशी नोंद डीएनए-क्रमांच्या जागतिक साठ्यात जाते आणि पुढचे सगळे त्या चुकीवर आपलं काम उभारतात. ज्याचा डीएनए काढला, त्याचंच शरीर जपलं पाहिजे. या क्षेत्रात यापेक्षा महत्त्वाचा नियम नाही.

ते शक्य आहे, कारण डीएनए आतल्या पेशींत असतो आणि ओळखीच्या खुणा बाहेरच्या त्वचेत. प्रथिनं पचवणारं विकर पेशी विरघळवतं, पण कायटिनच्या त्वचेला हात लावत नाही. क्रम असा ठेवा.

आधी जीवाचे वरून आणि कुशीवरून फोटो घ्या, कारण पुढे रंग राहणार नाही. त्याला क्रमांक द्या आणि तोच क्रमांक नळीवर, पट्टीवर, फोटोवर लिहा. अल्कोहोल पूर्ण उडू द्या, अल्कोहोल उरलं तर विकर काम करत नाही. स्प्रिंगटेल मऊ असतो, त्याला टोचायची गरज सहसा पडत नाही. कडक माइटला मात्र अतिबारीक सुईने उदराच्या कडेला एक छिद्र पाडा. सिलिका-स्तंभाच्या किटमधलं पाचक द्रावण 180 मायक्रोलिटर आणि प्रोटीनेज-के हे विकर 20 मायक्रोलिटर घालून 56 अंशांवर ठेवा. स्प्रिंगटेलला चार-पाच तास पुरतात, माइटला रात्रभर. या काळात नळी जोरात हलवू नका, मिशा तुटतात. मग द्रव हळूच वेगळ्या नळीत घ्या आणि रिकामी त्वचा तळाशी राहू द्या. हे स्टीरिओ सूक्ष्मदर्शकाखाली करा, कारण त्वचा पिपेटच्या टोकात ओढली जाऊन हरवते आणि ती पुन्हा सापडत नाही. त्वचा पाण्याने धुऊन 70 टक्के अल्कोहोलमध्ये घ्या. ती आधीच स्वच्छ पारदर्शक झालेली असते, त्यामुळे लॅक्टिक आम्लाची गरज कमी पडते किंवा पडतच नाही.

द्रवातला डीएनए स्तंभावरून शेवटी 30 ते 50 मायक्रोलिटरमध्येच उतरवा. किटच्या पत्रकात 200 लिहिलेलं असतं, ते मोठ्या ऊतींसाठी आहे. एवढ्याशा जीवाचा डीएनए 200 मध्ये उतरवला तर इतका विरळ होतो की पीसीआर, म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं, साधत नाही.

पीसीआरसाठी सीओआय या मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकाचा नेहमीचा तुकडा घ्या. प्रायमर, म्हणजे त्या तुकड्याची दोन टोकं पकडणारे छोटे डीएनए, 1994 साली प्रसिद्ध झालेले एलसीओ 1490 आणि एचसीओ 2198. 94 अंशांवर दोन मिनिटं; मग पाच फेऱ्या 94, 45 आणि 72 अंशांच्या; मग 35 फेऱ्या 94, 51 आणि 72 च्या; प्रत्येक फेरीत 40 सेकंद, 40 सेकंद आणि एक मिनिट; शेवटी 72 वर पाच मिनिटं. जेलवर साधारण 700 अक्षर-जोड्यांची पट्टी दिसली पाहिजे. प्रायमरचा भाग वगळून 658 जोड्या वाचायला उरतात. पट्टी आली नाही तर आधी डीएनए दहापट पातळ करून पाहा. मातीतली ह्युमिक आम्लं पीसीआरच्या विकराला अडवतात आणि पातळ केल्यावर त्यांचा अडथळा सुटतो. बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन हे प्रथिन घातल्यानेही फरक पडतो. तरीही काही आलं नाही तर प्रायमर त्या गटाला बसत नाही असं समजा. ओरिबाटिड माइटमध्ये हे वारंवार होतं, तिथे 28एस या केंद्रकीय जनुकाचा तुकडा घ्या.

दर खेपेला एक नळी जीवाविना चालवा, अगदी पाचक द्रावणापासून. तिच्यात पट्टी आली तर त्या दिवसाचे सगळे निकाल टाकून द्या.

प्रश्न : क्रम ब्लास्टमध्ये (साठ्यातल्या क्रमांशी जुळवून पाहणाऱ्या संगणकीय साधनात) टाकला. एकाचं 86 टक्के साम्य एका युरोपीय जातीशी आलं, दुसऱ्याचं 98 टक्के एका जिवाणूशी. यावरून नाव लिहू का? (नागपूर)

दोन्हींवरून नाही. जिवाणू म्हणजे बहुधा वोल्बाकिया. तो कीटकांच्या आणि स्प्रिंगटेलांच्या पेशींत राहतो आणि हेच प्रायमर कधी कधी त्याचं सीओआय उचलतात. फोल्सोमिया कँडिडा या जातीत तर मादीच नराविना प्रजनन करते, त्याचं कारण हा जिवाणू आहे. तो निकाल फेकू नका, यजमानात वोल्बाकिया आहे अशी नोंद ठेवा.

86 टक्क्यांचा अर्थ एवढाच की साठ्यात तुमच्या जीवाच्या जवळचं कोणी नाही. भारतातल्या मातीच्या जीवांचे क्रम साठ्यात फार थोडे आहेत, म्हणून सर्वात जवळचा म्हणून युरोपातला कोणी तरी पुढे येतो. अशा साम्यावरून वंशाचं नावही लिहू नये. शरीर पाहून वंश ठरवा.

साम्य 99 टक्के आलं तरी तपासा. तो क्रम ज्या नमुन्याचा, तो संग्रहात ठेवला आहे का, फोटो आहे का, नाव कोणी दिलं? बोल्ड या जाती ओळखण्यासाठीच्या क्रमांच्या साठ्यात ही माहिती बऱ्याचदा नोंदीसोबत असते. शिवाय क्रमाचं प्रथिनात भाषांतर करून पाहा, पण अपृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियाची संकेतसूची, म्हणजे पाचवी सूची, निवडून. नेहमीच्या सूचीत टीजीए ही तीन अक्षरं म्हणजे थांबा, प्रथिन संपल्याची खूण; इथे त्यांचा अर्थ ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. चुकीची सूची लावली तर चांगला क्रम खराब वाटतो. योग्य सूचीतही मध्येच थांबा आला तर तो बहुधा मायटोकॉन्ड्रियातून केंद्रकात जाऊन पडलेला, निकामी झालेला उतारा आहे. क्रम वाचणाऱ्या यंत्राच्या आलेखात एका जागी दोन शिखरं वारंवार दिसत असतील तर एकाहून अधिक क्रम मिसळले आहेत.

प्रश्न : महाबळेश्वर आणि आंबोली इथले स्प्रिंगटेल केसागणिक सारखे, पण सीओआयमध्ये 14 टक्के फरक. पक्ष्यांत दोन टक्क्यांना जाती वेगळ्या धरतात असं वाचलं. मग या दोन जाती झाल्या ना? (सातारा)

दोन टक्क्यांचा आकडा पक्ष्यांकडून उचलून मातीत आणू नका. स्प्रिंगटेल पंखाविना आहेत, मातीतून फार दूर जात नाहीत आणि त्यांचा गट अतिप्राचीन आहे. एका नावाखालच्या दोन वस्त्यांत दहा टक्क्यांहून अधिक फरक मिळणं त्यांच्यात नवं नाही. पॅरिसोटोमा नोटाबिलिस ही अगदी सामान्य समजली जाणारी जात. 2012 मध्ये तिच्यात एकमेकांपासून दूर गेलेल्या चार शाखा दाखवल्या गेल्या आणि शरीरावरून त्या वेगळ्या करणं अवघड होतं. तेव्हा तुमच्या हाती लागलंय ते खरं असू शकतं, पण अजून सिद्ध झालेलं नाही.

मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो, म्हणून त्याची साक्ष एकतर्फी. वोल्बाकियासारखा जिवाणू एखाद्या मायटोकॉन्ड्रियाला अख्ख्या वस्तीत पसरवू शकतो. म्हणून त्याच जीवांचं एक केंद्रकीय जनुक वाचा, 28एस चालेल. तेही तसंच दोन गटांत विभागलं तर बाजू बळकट होते. मग मधली ठिकाणं घ्या : पाटण, कोयना, राधानगरी. दोन टोकांचेच नमुने असतील तर अंतराबरोबर हळूहळू वाढणारा फरकही तुटक दिसतो. सगळ्यात जोरदार पुरावा तिथे मिळतो, जिथे दोन्ही गट एकाच मुठीतल्या मातीत शेजारी राहतात आणि तरी मिसळत नाहीत. नराविना वाढणाऱ्या जातींत मात्र ही कसोटी लागत नाही, कारण तिथे मिसळणं मुळातच नाही.

आणि मग शरीराकडे परत या. दोन गट ठाऊक असताना पुन्हा पाहिलं तर नखीवरचा एखादा दात, ओठावरच्या केसाचा आकार, मिशीच्या तिसऱ्या खंडावरचं संवेदनांग असा फरक बऱ्याचदा सापडतो. कुठे पाहायचं हे जनुकांनी सांगितलेलं असतं. हा फरक सापडेपर्यंत 'अमुक जात, शाखा 1' असं लिहिणं प्रामाणिक आहे.

प्रश्न : स्प्रिंगटेल कीटक आहेत की नाहीत? पाठ्यपुस्तकं वेगवेगळं सांगतात. (पणजी, शिक्षिका)

सहा पाय आहेत, पण कीटकांच्या आजच्या व्याख्येत ते बसत नाहीत. कीटकांची मुखांगं बाहेर दिसतात, यांची डोक्याच्या आत खळग्यात असतात. उदराचे खंड सहाच. म्हणून षट्पादांत कीटकांच्या शेजारी त्यांचा वेगळा वर्ग करतात. विद्यार्थ्यांना हे एवढं पुरे.

हा वाद जनुकांनी कसा चिघळवला आणि कसा सोडवला, हे मात्र वरच्या वर्गांना जरूर सांगा. 2003 मध्ये मायटोकॉन्ड्रियाच्या पूर्ण क्रमांवरून असा निष्कर्ष निघाला की स्प्रिंगटेल कीटकांपासून वेगळे, म्हणजे सहा पाय दोनदा स्वतंत्रपणे आले. शरीररचनेच्या अभ्यासकांना ते पटलं नाही. मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकांची संख्या थोडी, आणि त्यांतल्या अक्षरांचं प्रमाण गटागटांत इतकं बदलतं की दूरचे जीव जवळचे भासतात. 2014 मध्ये 1478 केंद्रकीय जनुकांवर केलेल्या मोठ्या अभ्यासात सगळे षट्पाद पुन्हा एका शाखेत आले.

यांचं वयही सांगा. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी इथल्या खडकात सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीचा स्प्रिंगटेल सापडला. 1926 मध्ये त्याचं वर्णन करणाऱ्या दोघांत एस. मौलिक हे भारतीय कीटकशास्त्रज्ञ होते.

प्रश्न : माती थेट डीएनए वाचणाऱ्या यंत्रात घालून सगळ्या जाती कळतात म्हणे. मग नरसाळं कशाला? (मुंबई)

जातींची यादी मिळते, तीही साठ्यात ज्यांचे क्रम आहेत त्यांचीच. बाकीचे बिननावाचे आकडे राहतात. जीव किती होते ते कळत नाही, मेलेल्यांचा डीएनएही मोजला जातो आणि प्रायमरला न जुळणारे गट गायब होतात. दोन शेतांची तुलना करायला ही पद्धत चांगली आहे. नाव द्यायला शरीर लागतं.

प्रश्न : जात नवीन आहे अशी खात्री झाली तर पुढे काय? परदेशातल्या तज्ज्ञाला नमुना टपालाने पाठवू का? (दापोली)

परवानगीविना पाठवू नका. जैविक विविधता कायदा, 2002 प्रमाणे संशोधनासाठी नमुने परदेशी व्यक्तीला देण्याआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते. राज्याचं जैवविविधता मंडळ नागपुरात आहे. अभयारण्यातून नमुना घेतला असेल तर वन विभागाची लेखी परवानगी आधीच हवी, नंतर घेऊन चालत नाही. बहुतेक वेळा नमुना पाठवायची गरजही नसते. नीट फोकस करून काढलेले फोटो, मोजपट्टीसह रेखाचित्रं आणि क्रम एवढ्यावर तज्ज्ञ पहिलं मत देऊ शकतात.

नाव देण्यासाठी एक जीव नामधारक नमुना म्हणून निवडावा लागतो. ज्याची त्वचा जपली आणि क्रमही वाचला, असाच निवडा. इतर जातींहून तो कशाने वेगळा, हे शब्दांत लिहावं लागतं. नुसता क्रम दिला तर पुढच्या माणसाला सूक्ष्मदर्शकाखाली काहीच पडताळता येत नाही. त्याआधी जुनी वर्णनं काढा. भारत, ब्रह्मदेश आणि श्रीलंकेतल्या स्प्रिंगटेलांवर कीटकशास्त्रज्ञ इम्सचा लेख 1912 चा आहे. त्या काळच्या वर्णनांत केसांचे नकाशे नसत, म्हणून तुमची 'नवी' जात त्यांतलीच एखादी असू शकते. अशा वेळी मूळ नमुना किंवा मूळ ठिकाणचा ताजा नमुना पाहावा लागतो. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात छापत असाल तर प्रकाशनाची झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या नोंदवहीत आधी नोंद हवी, नाहीतर नाव ग्राह्य धरलं जात नाही. नव्या जातीचा नमुना कायद्याने नेमलेल्या संग्रहात जमा करणं बंधनकारक आहे. प्राण्यांसाठी ते काम भारतीय प्राणी सर्वेक्षण करतं आणि त्याचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. जमा करताना काचपट्टी, उरलेला डीएनए आणि फोटो एकाच क्रमांकाखाली द्या, आणि तो क्रमांक लेखात छापा.